लांब पल्ल्याची गाडी

आमच्या गल्लीतल्या आप्पांना "काय, बरं आहे ना?" असं विचारलं की ते "५१" म्हणतात. नवख्याला वाटतं, गृहस्थ वय सांगतोय आणि तेही पंधरा वर्षं चोरून. वय ६६ आहे. ५१ हे पहाटे अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत मोजलेले हृदयाचे ठोके. आदल्या दिवशी ४९ असले तर चेहरा उतरलेला असतो आणि न मागता खुलासा मिळतो, "रात्री व्याह्यांकडं जेवण होतं. बासुंदी. शरीर विसरत नाही, मास्तर." मध्यंतरी गुडघा दाखवायला गेले असताना ईसीजी काढणाऱ्या मुलीनं एवढे कमी ठोके बघून घाबरून डॉक्टरांना हाक मारली. तो कागद आप्पांनी लॅमिनेट करून घेतलाय.

सांगली स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागं आप्पांची सारी नोकरी गेली. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. समोर नोंदवही, बाजूला बशीनं झाकलेला चहा आणि गाड्यांच्या येण्याजाण्याविषयी एक अढळ अलिप्तपणा. "आटपाडी कधी सुटणार हो?" "आली की सुटंल." "आणि येणार कधी?" "तिकडनं सुटली की." या उत्तरानं हताश झालेले निम्मे सांगलीकर आज त्यांना मिनिटामागचे सेकंद मोजताना बघतात आणि देवाच्या घरी हिशोब असतो यावर त्यांचा विश्वास बसतो.

याची सुरुवात झाली ती साठीला. पुण्याच्या मुलानं मनगटी घड्याळ पाठवलं. हेतू साधा. वडील निवृत्त झालेत, पोट पुढं आलंय, साखर काठावर आहे, तेव्हा चार पावलं चालावीत. आप्पा बराच वेळ बसून राहिले की घड्याळ थरथरायचं आणि काचेवर 'हला' असा इंग्रजीतून हुकूम उमटायचा. आयुष्यभर विभागीय कार्यालयाची परिपत्रकं पाळलेला माणूस. वरून आदेश आला की कारण विचारायचं नसतं. आप्पा उठले आणि हलले. आमराईत चालले, मग पळाले, मग सायकल आणली. कृष्णेत तर ते पाठीला डबा बांधून लहानपणीच पोहायला शिकले होते, आणि महापुरात आयर्विन पुलावरून मुटका मारलेल्या पिढीतले होते. गेल्या वर्षी गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर अर्धं आयर्नमॅन करून आले. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, मुदत साडेआठ तास. आप्पा मुदत संपायच्या जरा अलीकडं पोचले. त्याच वर्षी पासष्टी भरून त्यांना एस.टी.त ज्येष्ठांची पन्नास टक्के सवलत लागू झाली होती. "अर्धं तिकीट दोन्हीकडनं मिळालं," ते म्हणाले, "आता पूर्ण काढायचं."

पूर्ण म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि त्यावर ४२.२ पळणं, सगळं सलग, बहुतेक ठिकाणी १७ तासांत. मी भाषेचा मास्तर, मला आकड्यांवरून काही बोध होत नाही. आप्पांनी मग ते त्यांच्या पद्धतीनं समजावलं. "आयर्विन पुलाखाली पाण्यात उतरायचं, हरिपूरच्या संगमाला वर यायचं. ओल्या अंगानं सायकल घ्यायची आणि कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करत थेट रत्नागिरी स्टँड. तिथं सायकल लावायची आणि पळत माघारी सुटायचं, हातखंबा, पाली, नाणीज, साखरप्याच्या अलीकडपर्यंत."

"आणि चहाला?"

"थांबा की. घड्याळ थांबत नाही."

पोहण्याला २ तास २० मिनिटं. सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेदहा तास उलटता कामा नयेत. उशीर झाला की तुमच्या घोट्यावरची वेळ मोजणारी चिप काढून घेतात. "म्हणजे वे-बिल जमा," आप्पा म्हणाले. "मग पुढं तुम्ही प्रवासी."

या खेळाचा जन्मच मुळी बढाईतून झालेला आहे. हवाईतल्या ओआहू बेटावर पट्टीचे पोहणारे जास्त तंदुरुस्त की पळणारे की सायकलवाले, असा वाद चालला होता. तो मिटवायला नौदलातल्या जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्यानं तिथली तीन वेगवेगळी अंतरं एकाला एक जोडून टाकली. १९७८ साली १५ जण निघाले, १२ पोचले. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांनी पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबरजवळचं पाणी वाटेत संपलं तेव्हा सोबत्यांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. कॉलिन्सनं स्पर्धकांना जो कागद वाटला त्यात तिन्ही अंतरं दिली होती आणि खाली, यानंतर जन्मभर फुशारकी मारत बसा, अशा अर्थाची ओळ होती. आप्पांनी क्रम थोडा बदलला. फुशारकीचा भाग त्यांनी आधी उरकून घेतला.

आपल्याकडं हे वारं २०१५ साली मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला पूर्ण आयर्नमॅन झाला तेव्हापासून जास्त सुटलं. कोल्हापुरात राजाराम तलावावर ट्रायथलॉन भरते. पुण्यानाशकात तर आडनावाच्या आधी 'आयर्नमॅन' लावणारे डॉक्टर आणि बिल्डर मुबलक आहेत. आप्पाही अधूनमधून त्या सोमणचा दाखला देतात. काकूंनी तो एकदाच, पण कायमचा निकालात काढला. "त्याचं वेगळं. तो पळायला लागला की लोक बघायला थांबतात. तुम्ही पळायला लागलात की काय झालं म्हणून विचारायला थांबतात."

काकूंचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. रविवारी सकाळी आप्पा पाच-सहा तास सायकल मारून घरी येतात, सायकल फाटकाला टेकवतात, हेल्मेट फेकतात आणि त्याच पावली पळत गल्लीबाहेर जातात. सायकलीनंतर पाय जड पडतात, त्यांना लगेच पळायची सवय लागावी म्हणून हा सराव. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं होतं. महिनाभर त्या बाईंनी हे बघितलं आणि एके दिवशी काकूंना दाराशी गाठून हळूच म्हणाल्या, "ताई, काही लागलं तर सांगा हं. आमच्या मामांचं पण असंच होतं. घरात पाऊल टाकवायचं नाही." काकूंनी त्यांना आत बोलावून चहा दिला आणि गैरसमज दूर केला नाही.

सायकलीच्या दोन किमती आहेत, एक पावतीवरची आणि एक काकूंना सांगितलेली. दोन्हींत एक बरी स्कूटर बसते. कार्बनची आहे, एका बोटानं उचलता येते आणि तीन बोटांनी उचलून आप्पा ती प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. पावसाळ्यात मागचं चाक काढून ती हॉलमध्ये एका यंत्रावर ठोकतात आणि खिडकीकडं तोंड करून तीन-तीन तास पेडल मारतात. खाली घामाचं तळं, समोर पंखा, टीव्हीवर जुने मराठी सिनेमे. गिरणीसारखा आवाज घुमतो. "एवढं फिरतंय तर पट्टा लावून जातं तरी जोडा," काकू म्हणतात. "घरचं दळण निघेल."

त्या सायकलीचे बूट पेडलमध्ये खटकन अडकतात. सोडवायचे तर टाच बाहेरच्या अंगाला मुरडावी लागते, आणि ही गोष्ट थांबायच्या आधी आठवावी लागते. राम मंदिर चौकात सिग्नल लागला, आप्पा थांबले, आठवण मागाहून आली. उभा माणूस सायकलीसकट, बसल्या आसनात, एका कुशीवर सावकाश आडवा झाला. मी मागंच होतो. दोन्ही पाय पेडलमध्ये, हात हँडलवर, नजर समोर. आडव्या अवस्थेतही त्यांचा सायकल चालवण्याचा आविर्भाव ढळला नव्हता. कॉलेजची पोरं धावली. एकानं विचारलं, "आजोबा, चक्कर आली का?" आप्पांनी खालूनच मनगट वर केलं, घड्याळ बंद केलं आणि मगच म्हणाले, "नाही. थांबा घेतलाय."

सराव आखून द्यायला पुण्याची एक कोच आहे, वय सत्तावीस-अठ्ठावीस. ती मोबाइलवर आठवड्याचं वेळापत्रक धाडते आणि आप्पा त्याची छापील प्रत काढून देवघराशेजारी चिकटवतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचं काही कळत नाही. रोजच्या सरावानंतर कसं वाटलं ते लिहा, असा तिचा आग्रह. आप्पांनी नोकरीत कधी काही वाटून घेतलेलं नाही. ते लिहायचे, 'सायकल ८० कि.मी. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. शेरा निरंक.' आठवडाभर निरंक वाचल्यावर तिनं फोन केला, "सर, हे निरंक जास्त दुखतंय का? आपण दोन दिवस विश्रांती घेऊ." सराव चुकला तर आप्पा तिला रीतसर रजेचा अर्ज करतात. मी एक वाचला आहे. 'मेहुण्यांच्या तेराव्यास जाणे असल्याने सोमवारचे पोहणे करू शकत नाही, तरी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती.' खाली उजवीकडं 'आपला विश्वासू'. तिनं त्यावर लाल बदाम पाठवला. तो मंजुरीचा शिक्का समजून आप्पा तेराव्याला गेले.

घड्याळाशी मात्र त्यांचं बिनसलेलं असतं. ते सरावाचं मूल्यमापन करतं आणि एखाद्या आठवड्यात, दहा-बारा तास घाम गाळल्यावर, 'अनुत्पादक' असा शेरा मारतं. "एस.टी.त एवढी वर्षं काढली," आप्पा मला दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं."

संध्याकाळी गणपती मंदिराजवळ निवृत्तांचा कट्टा भरतो. आप्पा पूर्वी तिथले पक्के सभासद, आता आठवड्यातून एखाद्या वेळी डोकावतात. एक जण उपाशीपोटीची साखर सांगतो, दुसरा जेवणानंतरची. कुणाचं क्रिएटिनिन, कुणाचा वरचा-खालचा रक्तदाब. मग आप्पा सांगतात, छातीतून ऑक्सिजन किती ओढला जातो, मिनिटाला पेडल किती फिरतं, झोपेत गाढ झोप किती. मी तिथं उभा राहून ऐकतो तेव्हा मला दोन्ही बाजूंत फार फरक वाटत नाही. म्हातारपणी माणसाला बोलायला शरीर हा एकच विषय उरतो. बाकीच्यांचे आकडे प्रयोगशाळेतून लिफाफ्यात येतात, आप्पा आपले स्वतः कमावतात, एवढंच. आणि कट्ट्यावरच्यांना आप्पांचा राग येतो तो त्यामुळंच. "पंचाहत्तरीनंतर बघू," एक जण म्हणाला. "पंचाहत्तरीनंतर एस.टी. फुकट आहे," आप्पा म्हणाले. कशाचं उत्तर होतं ते कुणाला कळलं नाही, पण वाद तिथं संपला.

शर्यतीत ताशी साठ-सत्तर ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटात गेले पाहिजेत, नाहीतर साठा संपून पाय जागीच थिजतात. त्यासाठी जेल नावाचा चिकट गोड पदार्थ पुडीत मिळतो. आप्पांनी एक पुडी चोखली, किंमत बघितली आणि उरलेल्या परत पाठवल्या. बेदाण्याच्या गावात राहून हे विकत घ्यायचं? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हापासून पाठीच्या खिशात बेदाणे, राजगिऱ्याच्या वड्या, आणि मिठासाठी भडंगाची पुडी. सायकल चालवता चालवता भडंग खाणं ही सोपी कला नाही. वाऱ्यानं निम्मं मागं उडतं. मिरजेच्या रस्त्यावर त्यांच्या मागं कबुतरांचा एक नियमित गट असतो.

हंगामात त्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. सायकलवाल्याला हे वरदानच, ट्रॉलीच्या मागं लागलं की वारा लागत नाही आणि फुकट ओढ मिळते. पण स्पर्धेच्या नियमात पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर सोडावं लागतं. म्हणून आप्पा ट्रॉलीपासूनही बारा मीटर सोडतात. त्या मोकळ्या जागेत ऊस ओढणारी पोरं घुसतात, आणि एकदा एका पोरानं ओढलेली कांडी आप्पांच्या हातात ठेवून "आजोबा, तुमच्यासाठी" म्हटलं. बाहेरची मदत घेतली तर स्पर्धक बाद होतो. आप्पांनी कांडी परत केली.

पोहण्याची गोष्ट निराळी. टाकीत मागं-पुढं फेऱ्या मारून भागत नाही, उघड्या पाण्यात पोहायचा सराव लागतो. उघडं पाणी म्हणजे कृष्णा, आणि कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, पेपरात फोटो येतात. आप्पांच्या मते मगर आणि माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकाच नदीत राहत आलेत, फक्त वेळा सांभाळायच्या. त्यांनी सकाळी साडेसहाची वेळ धरली. मगरीनं कोणती धरली होती याची चौकशी कुठल्या खिडकीवर करायची, हा माझा प्रश्न त्यांना आवडला नाही.

मला घाटाच्या पायरीवर बसवलं, गळ्यात शिट्टी दिली. पावसाळ्याआधीचं पाणी, पुलाच्या खांबांच्या पायथ्याला टेकलेलं. सांगलीकर पाणी फुटांत मोजतो. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. तो दिवस इशाऱ्यापासून फार खाली होता, धोका मात्र मला समोर दिसत होता.

"एक शिट्टी म्हणजे थांब," आप्पा टोपी ओढत म्हणाले. "दोन म्हणजे चालू द्या. घंटीचा नियम."

"आणि मगर दिसली तर एक मारू की दोन?"

ते कमरेएवढ्या पाण्यात थांबले. विचार केला. "दोन. थांबून काय करू?"

ते निघाले. त्यांचं पोहणं अजून नदीचं आहे. डोकं वर, मान ताठ, काठावरच्या माणसाशी बोलता येईल असं. कोचनं तोंड पाण्यात घाला, दर तिसऱ्या हाताला श्वास घ्या, असं शिकवलंय, आणि पहिले पंधरा हात ते तसं करतातही. मग काठावर कोण आलंय हे बघायची इच्छा अनावर होते. मी पाण्यावर नजर लावून बसलो. शंभरेक हात पुढं गेले असतील. पलीकडच्या काठाजवळ एक काळपट ओंडका होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. ओंडक्यानं कूस बदलल्यासारखं वाटलं आणि मी शिट्टी फुंकली. किती वेळा ते मला आठवत नाही, आप्पांच्या म्हणण्याप्रमाणं अकरा. त्या दिवशी त्यांनी त्या पट्ट्यातला आपला आजवरचा सर्वांत कमी वेळ नोंदवला. ओंडका तिथंच होता. धुणं धुणाऱ्या बाईंनी सांगितलं, तो महिनाभर तिथंच आहे. कोचला मात्र आप्पांनी कारण कळवलं नाही. शेरा निरंक.

नदीला दोन काठ असतात, समुद्राला एकच. म्हणून मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर दोन दिवस गेले. समुद्रात ठरावीक हातांनंतर मान वर काढून खूण बघावी लागते, नाहीतर माणूस भरकटतो. आप्पांनी खूण म्हणून एक होडी धरली. होडी चालती होती. तासाभरानं ते भलतीकडंच, रापण ओढणाऱ्या लोकांच्या जाळ्याशी लागले. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं त्यांना दोरीला हात देऊन उभं केलं आणि विचारलं, "आजोबानू, खंय चाललात?"

धापा टाकत आप्पांनी खरं तेच सांगितलं. "मलेशियाला."

"मगे लांब आसा," तो म्हणाला. "च्या घेवन जावा."

मलेशिया ठरलं होतं हे खरं. लांगकावी बेटावर पूर्ण अंतराची शर्यत असते. तिथली हवा दमट, समुद्राचं पाणी कोमट, आपल्या कोकणाला जवळची. थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख तिथं लागत नाही, त्यामुळं तो खर्च वाचला. आप्पांनी हे काकूंना बचत म्हणून सांगितलं.

मी एकदा विचारलं, आप्पा, नंबर येईल का? ते हसले. ६५ ते ६९ वर्षांच्या गटात स्पर्धक बोटांवर मोजण्याइतके असतात. ७०च्या पुढं आणखी कमी. टिकून राहिलं की नंबर आपोआप वर सरकतो, अशी त्यांची ज्येष्ठता यादीवर बेतलेली उपपत्ती आहे. आदर्शही ठरलेला आहे. जपानचे हिरोमू इनादा. सत्तरीत पहिली ट्रायथलॉन केली, आणि २०१८ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, हवाईतल्या जागतिक स्पर्धेची शेवटची रेघ १७ तासांची मुदत संपायला थोडी मिनिटं असताना ओलांडली. त्याआधी २०१५ साली त्याच स्पर्धेत त्यांची मुदत हुकली होती, अवघ्या काही सेकंदांनी. ही गोष्ट सांगताना आप्पा उभे राहतात. "सेकंदांनी, मास्तर! एवढ्या वेळात आपल्याकडं कंडक्टर दार लावत नाही. आणि तो म्हातारा परत आला. मी खिडकीत बसून किती गाड्यांपुढं 'वेळेवर' लिहिलं असंल, आणि गाडी अजून अंकलीच्या पुलावर." एवढं बोलून ते गप्प झाले. नोंदवहीविषयी त्यांनी आजवर दिलेली ही एकमेव कबुली. मी कुठं बोललेलो नाही.

शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरवत न्यायचा असतो. शरीराला विश्रांती द्यायची. हा काळ घरच्यांना सर्वांत जड जातो. वर्षभर पहाटे साडेचारला बाहेर पडणारा माणूस घरातच राहिला. त्यांनी पंखे पुसले, डबे अक्षरांच्या क्रमानं लावले, काकूंचा स्वयंपाक स्टॉपवॉच लावून मोजला आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत चालल्याचं त्यांच्या निदर्शनास आणलं. काकूंनी कोचला थेट फोन केला. "बाई, यांना काहीतरी लांबचं दे." शेवटच्या दिवसांत पिष्ट पदार्थ वाढवायचे असतात, हे कळल्यावर घरात थोडी शांतता झाली. वर्षभर बंद असलेली पुरणपोळी शास्त्राच्या आधारानं परत आली. आप्पा पोळी तराजूवर ठेवून ग्रॅम लिहून मग खात होते. तुपाची नोंद टाळत होते.

निघायच्या रात्री आम्ही गल्लीतले चौघं पोचवायला स्टँडवर गेलो. मुलानं मोटार पाठवतो म्हटलं होतं, आप्पांनी ऐकलं नाही. मुंबईपर्यंत रातराणी, तिथून विमान. निवृत्तांच्या पासाची मुदत संपलेली होती, म्हणून आधारकार्ड हातात. सायकल सुटी करून एका शवपेटीएवढ्या टणक खोक्यात भरली होती. ते खोकं डिकीत जाईना. कंडक्टर पंचविशीतला, नवीन भरतीतला, आप्पांना न ओळखणारा. त्यानं खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"आजोबा, यात काय?"

"सायकल."

"मुंबईत सायकली मिळत नाहीत?"

शेवटी दोन सीटच्या मधल्या वाटेत, मागच्या बाजूला, खोकं उभं राहिलं. लगेज पडणार, कंडक्टर म्हणाला, आकार मोठा आहे. वजन नऊ-दहा किलो भरेल, आकाराचं काय घेऊन बसलात, असं मी मध्ये बोललो. आप्पांनी मला हातानं गप्प केलं. "त्याचं बरोबर आहे. फाड. नियमानं जेवढं होतंय तेवढं फाड." आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवलेला माणूस स्वतःवर तो लागू होताना बघून सुखावला होता. माणसाचं अर्धं तिकीट निघालं, सायकलीचं वेगळं. काकूंनी दोन्ही कागद दिव्याखाली धरून ताडून बघितले आणि काही बोलल्या नाहीत, पण खोक्याकडं बघितलं.

गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. कंडक्टर दारात टेकून आप्पांशी गप्पांना लागला. किती पोहायचं, किती सायकल, किती पळायचं, सगळं विचारून घेतलं. तोंडानं च्‌-च्‌ केलं. मग म्हणाला, "एवढं करून पहिला नंबर आला तर काय देतात हो?"

"पहिला कशाला येतोय मी."

"मग दुसरा?"

"नाही रे."

"मग एवढ्या लांब कशाला चाललाय?"

"वेळेत पोचायला."

"एवढंच?"

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. बावीस मिनिटं उशीर झाला होता. "तू ही गाडी मुंबईला वेळेत पोचवून दाखव," ते म्हणाले, "मग बोलू."